म्हातारे उंदीर विकत मिळत नाहीत

विमल, तुझे उंदीर जिवंत आहेत. हे आधी सांगून टाकते, कारण तू असतीस तर पहिलं हेच विचारलं असतंस, माणसांची चौकशी मागाहून. सगळे नाहीत. खालच्या रांगेतले दोघे गेले, पण ते वयानेच गेले, त्यात कोणाचा दोष नाही. बाकीचे खातात, झोपतात, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून लोळतात. आपला शिपाई काशिनाथ अजून रोज सकाळी "काय म्हातारबा, हायेत का?" म्हणत पिंजऱ्यांची झाकणं उघडतो. तू गेल्यावर काही दिवस माझं पाऊल प्राणिगृहाकडे वळलंच नाही. मग एकदा गेले, दार लोटलं, भाताच्या तुसाचा आणि उंदरांचा तो उग्र वास नाकात शिरला, आणि मला तुझा असा काही राग आला म्हणून सांगू! रडू नंतर आलं. आधी राग.

असं भांडण अर्ध्यावर टाकून कोणी जातं का गं? इंदिरानगरच्या तुझ्या घरी माणसं भेटायला येत होती आणि येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "किती शांत स्वभाव होता हो." मी मान डोलावत होते. शांत म्हणे! माझ्याशी एक वाक्य तरी शांतपणे बोललीस का कधी? स्टाफरूममध्ये आपला आवाज चढला की विद्यार्थी दाराशीच घुटमळायचे, आत यायची हिंमत करायचे नाहीत. त्यांना वाटायचं, या दोघी एकमेकींचं तोंड बघत नसतील. आणि आपण मधल्या सुट्टीत एकाच डब्यातलं खायचो. ते येणाऱ्या लोकांना काय सांगायचं?

भांडणाचं मूळ तूच काढलंस. नव्वदच्या सुमारास आपण दोघी औषधनिर्माण महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागलो, त्याला फार दिवस झाले नव्हते. पोटात जाऊन हगवण लावणाऱ्या जंतूंवर काम करायचं ठरलं होतं. मी यादी केली, तरणे उंदीर मागवायचे, ते सगळीकडे तसंच करतात. तू यादी बाजूला सारलीस आणि म्हणालीस, "मंदा, हगवणीने मरतं कोण? तान्ही पोरं आणि म्हातारी माणसं. आणि आपण प्रयोग कोणावर करतोय? कॉलेजला जायच्या वयाच्या उंदरांवर!"

मी म्हटलं, मग मागव म्हातारे. तू लगेच फोन लावलास. पलीकडच्या माणसाला वाटलं, तू थट्टाच करतेयस. "मॅडम, सहा आठवड्यांचे सांगा, आठ आठवड्यांचे सांगा. म्हातारे कोण ठेवतं?" तू फोन ठेवलास आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "म्हातारे उंदीर विकत मिळत नाहीत. ते घरीच म्हातारे करावे लागतात." झालं. त्या दिवसापासून दोन-दोन वर्षं उंदीर सांभाळत बसण्याचं व्रत तू घेतलंस आणि मलाही त्यात ओढलंस. तेव्हाचे प्राचार्य एकदा प्राणिगृहात डोकावले. काहीही न करता नुसते खाऊन-पिऊन बसलेले उंदीर बघून म्हणाले, "ही प्रयोगशाळा आहे की पांजरपोळ?" तू म्हणालीस, "सर, सध्या पांजरपोळ. दोन वर्षांनी प्रयोगशाळा."

माझ्या माहेरी पंचवटीत यात्रेकरूंचे विधी करायचे, हे तुला माहीत झाल्यापासून तर तुला चेवच चढला. एकदा जेवायला आलीस आणि माझ्या वडिलांनाच म्हणालीस, "दादा, आमच्या उंदरांचेही पिंड पाडा की. बिचारे विज्ञानासाठी गेले." दादा जरा विचार करून अगदी गंभीरपणे म्हणाले, "पाडीन. गोत्र कोणतं सांगू?" तू हसून हसून पाटावरून कलंडलीस. दादांना तू फार आवडायचीस. माझ्यापेक्षा जास्त, असं मी म्हणायचे, आणि ते नाही म्हणायचे नाहीत.

पहिला मोठा प्रयोग झाला तेव्हा आपल्या दोघींच्याही तोंडचं पाणी पळालं. तरण्या आणि म्हाताऱ्या उंदरांना बोथट सुईने तोंडावाटे सारखेच जंतू दिले होते. तरण्यांनी दोन-चार दिवस अंग आखडून काढले आणि पुन्हा धावायला लागले. म्हातारे एका कोपऱ्यात पाठीला पोक काढून बसले, केस पिंजारले, वाळत गेले आणि गेले. आता मौज अशी, की रोज त्यांच्या लेंड्या पाण्यात कालवून, काचेच्या बश्यांवर पसरून, वाढू देऊन जंतू मोजावेत, तर पहिले काही दिवस दोघांच्याही पोटात जंतू जवळपास तेवढेच. मग म्हातारेच का मेले? मी म्हटलं, म्हातारपणी आतड्याची राखण ढिली पडते, जंतू पलीकडे सटकतात. प्लीहा बघ, यकृत बघ, म्हाताऱ्यांच्या आत जंतूंची जत्रा भरलीय. तू ऐकून घेतलंस. पण तुझ्या डोक्यात तेव्हाच काहीतरी वळवळायला लागलं होतं, मला दिसत होतं.

दुसऱ्या खेपेला म्हातारे तग धरायला लागले. मी हरखले. म्हटलं, काय झालं असेल? आणि महाविद्यालयातल्या सगळ्या मंडळींपुढे काम मांडायच्या दिवशी तू फळ्यापाशी उभी राहून बेधडक सांगितलंस, "म्हाताऱ्यांच्या पिंजऱ्यात मी खाणं भिजवून खाली बशीत ठेवत होते. पाणीही खाली, उथळ वाटीत." मी जागेवरून ओरडले, "विमल! प्रयोग नासवलास!" तू म्हणालीस, "हो, नासवलाच. पण का नासवला ते तरी विचार." लोक बघतायत, आपण दोघी भांडतोय. शेवटी प्राचार्यांनी चहा मागवला.

ही चूक दुसऱ्या कोणी केली नसती. जगात कुठल्याही प्राणिगृहात उंदराचं खाणं वर, झाकणाच्या जाळीत असतं आणि पाण्याची बाटलीही वरूनच टांगलेली. उंदराने मागच्या पायांवर उभं राहायचं, वर तोंड करायचं, कुरतडायचं, चाटायचं. तरण्याला त्याचं काहीच नाही. पण पोटात मुरडा आलेला, मागचे पाय लटपटणारा म्हातारा उभा कसा राहणार? तू घरात म्हाताऱ्या माणसांना भाकरी दुधात कुस्करून देत वाढलीस. तुझा हात आपसूक तिकडे गेला. मी म्हणत होते, एका गटाचं खाणं-पिणं बदललंस की तुलना संपली. सगळ्यांना एकच पिंजरा हवा, हाच तर नियम. तू म्हणालीस, "एकच पिंजरा म्हणजे सारखा पिंजरा नाही गं बाई!"

मग तू तुझ्या सटाण्याच्या आत्याचं सांगितलंस. कँटीनमध्ये बसलो होतो, माझा चहा निवून गेला. आत्याला उन्हाळ्यात जुलाब लागले. घर माणसांनी भरलेलं, कांद्याची धावपळ. जाणारा-येणारा दारातून विचारायचा, "पानी शे ना?" आणि आत्या म्हणायची, "शे." पाणी होतंच. कोनाड्यात तांब्या भरलेला होता. फक्त तिला उठून तिथवर जाता येत नव्हतं, आणि कोणाला त्रास द्यायचा तिचा स्वभाव नव्हता. डॉक्टर म्हणाले, जंतूच जोराचा होता. तू एसटीने पोचलीस तेव्हा सगळं आटपलं होतं आणि तांब्या भरलेलाच होता. तू रडली नाहीस. टेबलावर हात आपटून म्हणालीस, "आहे, आहे, आहे! काशिनाथही रोज सकाळी ओरडतो ना, पाणी हाय, खाणं हाय! अरे, आहे म्हणजे पोचलं का?"

मी तुला तेव्हा म्हटलं होतं, आत्याला पुरावा म्हणून आणू नकोस. तू दुखावलीस. काही दिवस डबा वेगळा खाल्लास. पण विमल, ते मी आजही मागे घेत नाही. आत्याचं दुःख खरं, पण दुःख खरं असलं म्हणून उंदराच्या प्लीहेतले जंतू खोटे होत नाहीत. तुझं म्हणणं होतं, भुकेल्या-तान्हेल्या शरीरातूनही जंतू आत सटकणारच, म्हणजे आधी तहान आणि मग जंतू. माझं म्हणणं, आधी जंतू, मग तो गळाठतो आणि म्हणून पाण्यापर्यंत पोचत नाही. कोण आधी? हे बोलून सुटणारं नव्हतंच. तरणे आणि म्हातारे, दोघांचे निम्मे वर जाळीतून खाणारे आणि निम्मे खाली बशीतून खाणारे, असे चार गट एकाच वेळी करायचे, एवढं साधं होतं. तेवढ्यापुरतं आपलं दोघींचं एकमत. फक्त म्हातारे संपले होते, आणि नवे घरीच म्हातारे करायचे होते.

किती वेळा केले आपण! एकदा अर्ध्या वयात आलेली टोळी कुठल्याशा रोगाने गेली. एकदा लोडशेडिंगने घात केला. वैशाखाचं ऊन, पंखे बंद, आणि आपण दोघी साड्या खोचून प्राणिगृहाच्या खिडक्यांवर ओली गोणपाटं टांगतोय. तुझे दिनकरराव ओझरच्या कारखान्यातून सुटल्यावर थेट इकडे आले, घरचा कूलर टेम्पोत घालून. वीजच नाही, तर कूलर काय करणार? तुमच्या दोघांचं तिथेच जुंपलं. मग तेही मुकाट्याने बादल्या आणायला लागले. तरी निम्मे गेलेच. काशिनाथ म्हणाला, "मॅडम, आता नाय होत. लय झालं." तू पदराने तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "काशिनाथ, पुढच्या आठवड्यात पिल्लं येतायत. पिंजरे धुऊन ठेव." मला तुझा तो निगरगट्टपणा तेव्हा असह्य व्हायचा. आता तोच उसना घेऊन फिरतेय.

ही शेवटची टोळी तू आजारी पडायच्या थोडं आधी आणलेली. तुला तुझं दुखणं कळलं तेव्हा ते उंदीर ऐन तारुण्यात होते. तू हिशोब केला असणार, मला बोलली नाहीस. मीही बोलले नाही. उपचार चालू असतानाही टोपी घालून यायचीस, स्टूलवर बसून एकेकाला हातात घ्यायचीस, वजन करायचीस. एकदा म्हणालीस, "बघ मंदा, आमची शर्यत लागलीय. हे म्हातारे होतायत की मी संपतेय." मी तुला गप्प बस म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? जे म्हणायचं होतं ते सोडून मी बुरशीनाशकाबद्दल काहीतरी बडबडायचे.

दवाखान्यातली शेवटची भेटही भांडणातच गेली. वजन किती उतरलं की उंदराला तडफडू न देता संपवायचं, यावरून. तू आवाज चढवलास, सिस्टरने आत येऊन मलाच दम दिला, "पेशंटला त्रास देऊ नका." तू तिला म्हणालीस, "अहो, हिच्याशी भांडले की मला बरं वाटतं." मला तेव्हा तुझा हात धरता आला असता. धरला नाही, कारण धरला असता तर तुला कळलं असतं की मला कळलंय. अशा आपण दोघी शहाण्या!

आता समितीचं ऐक. तू गेलीस आणि तुझे दिवस होतात न होतात तोच विषय निघाला. आता कायद्याने प्रत्येक प्रयोगाला समितीची परवानगी लागते, आणि परवानगी तुझ्या एकटीच्या नावावर होती. वर्षापूर्वी मी त्या अर्जावर सही करायला नकार दिला होता, तुला आठवतच असेल. कारण त्यात तू तुझं गृहीतक ठणकावून लिहिलं होतंस: म्हाताऱ्या प्राण्याला आधी तहान-भूक मारते, जंतू मागून येतो. मी म्हटलं होतं, "कदाचित" घाल, मग सही करते. तू म्हणालीस, "गृहीतकात कदाचित घालायचं नसतं. ते छातीठोक मांडायचं, म्हणजे तुझ्यासारखीला झोडपता येतं." दोघीही अडून बसलो. सही राहिली.

तर बैठकीत एक जण म्हणाले, संशोधक हयात नाही, तेव्हा प्राणी निकाली काढावेत. निकाली! दोन-अडीच वर्षं हातावर वाढवलेले जीव, आणि निकाली! मी उठलेच. म्हटलं, हे उंदीर उद्या मारले तर पुढचे म्हातारे मिळायला दोन वर्षं लागतील, आणि ती दोन वर्षं इथे कोण बसणार आहे, तुम्ही? अध्यक्ष गुरांचे निवृत्त डॉक्टर आहेत, माणूस सरळ. ते म्हणाले, "मॅडम, प्रयोग दुसऱ्याच्या नावावर करता येतो. पण आहे तस्सा. एक शब्द बदललात तर तो नवा प्रयोग, नवा अर्ज, आणि पुढची बैठक दिवाळीनंतर." दिवाळीपर्यंत तुझ्या म्हातारबांतले किती राहतील, तूच सांग.

कागद पुढे आला. तुझं ते वाक्य, तुझ्याच अक्षरात लिहिलेलं. मला ते पटत नाही, विमल. तेव्हाही पटलं नाही, आत्ताही नाही. तू गेलीस म्हणून ते पटायला लागलं असं सोंग मी आणणार नाही, तुला ते सहनही झालं नसतं. मी अध्यक्षांना सरळ सांगितलं, "यात लिहिलंय ते चूक आहे असं माझं मत आहे." ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "मग सही का करताय?" मी म्हटलं, "चूक आहे हे सिद्ध करायला. किंवा बरोबर आहे हे सिद्ध व्हायला. तिसरी वाट नाही." आणि केली सही.

सून बाळंत व्हायची आहे, मुलगा बंगळूरला कधीचा बोलावतोय. त्याला सांगितलं, मला आता यायला जमणार नाही. तो म्हणाला, "आई, उंदरांसाठी?" हो, उंदरांसाठी. बाईसाहेब, तुम्ही वाढवलेल्या उंदरांसाठी. तो फोनवर हसला, म्हणाला, "विमलमावशीने तुला चांगलंच अडकवलं." अडकवलंसच. तुझे आभार मानायचे आहेत ते यासाठीच मानते. नुसतं आठवणी काढत बसले असते तर मी मेले असते गं.

एक गोष्ट ठरवून टाकलीय. निकाल काहीही लागो, छापताना तुझं नाव पहिलं. तू खरी ठरलीस तर चारचौघांत उभी राहून सांगेन, विमल म्हणत होती, मी नाही म्हणत होते. आणि मी खरी ठरले, तरीही तुझंच नाव पहिलं. म्हणजे स्वतःचंच म्हणणं खोडून काढणाऱ्या लेखावर तुझं नाव सगळ्यात वर! संतापशील. तणतण करशील, टेबलावर हात आपटशील. आपट. मला त्या आवाजाची फार सवय झालीय.

काल दिनकरराव आले होते, तुझं कपाट आवरताना सापडलेला प्रयोगशाळेचा पांढरा कोट द्यायला. मी त्यांना प्राणिगृहात नेलं. आजवर बादल्या वाहिल्या, पण उंदीर हातात घेतला नव्हता त्यांनी. काशिनाथने एक म्हातारा त्यांच्या तळहातावर ठेवला. तो तिथेच मुटकुळं करून बसला, पळाला नाही. दिनकररावांनी एका बोटाने त्याची पाठ चोळली. मग म्हणाले, "मंदाताई, तुम्ही भांडून वाचवलंत यांना. पण सोमवारी जंतू दिल्यावर हे शेवटी जाणारच ना?"

"जाणारच," मी म्हटलं. "पण कशाने गेले, ते या वेळी कोणीतरी विचारणार आहे."